दर पाच मिनिटांनी

जुईनगर,
९ सप्टेंबर २००३

चि. अस्मितास,

बाबांचा सप्रेम जयभीम. आईचे गुडघे बरे आहेत. प्रितम पुण्याच्या नोकरीत रमलाय. त्याने घेतलेला कॉम्प्युटर मात्र आमच्या उरावर आहे.

तर झालं असं, महिनाभर हा कॉम्प्युटर आपोआप इंटरनेटचा नंबर फिरवायचा. कुणी हात लावलेला नसताना मॉडेम किरकिरायचा आणि घरचा फोन अडकून पडायचा. तुझी आई म्हणाली, माणूस बोलवा. मी म्हटलं, बत्तीस वर्षं टेलिफोन खात्यात लाइनमन होतो, मला माणूस कशाला लागतो? वायर बदलली. भिंतीवरचा डबा उघडून तारा घासल्या. प्रितमचे गेम उडवले, वर त्याला फोनवर चांगला झापला. "बाबा, मी सहा महिने घरात नाही," म्हणाला. लाइन एकदम स्वच्छ, तरी नंबर लागतच होता.

परवा तबरेजरावांची बहीण समरा मिठाई घेऊन आली. तुला मुलगी झाली हे तिच्याकडून कळलं. म्हणाली, "वहिनी दवाखान्यात जायच्या आधीपासून बूथवरून फोन लावतायत. कधीही लावा, एंगेज. त्यांना वाटलं तुमी रिसीव्हर काढून ठेवलाय."

तुझ्या लग्नाच्या दिवशी मीच ओरडलो होतो ना, तुझा फोन आला तर रिसीव्हर काढून ठेवीन म्हणून.

अगं, तसं नाही केलं मी. समरा गेल्यावर पुन्हा कॉम्प्युटरसमोर बसलो. टपालाच्या प्रोग्राममध्ये एका चौकोनात खूण होती: दर पाच मिनिटांनी नवीन पत्र आलंय का पाहा, लाइन जोडलेली नसेल तर जोडून पाहा.

ती खूण माझी. प्रितम म्हणाला होता, ताईला घरचा ईमेल दिलाय, ती लिहील. म्हणून केली. पत्र बघायचं तर तो नंबरही फिरवणार, हे डोक्यातच आलं नाही. तुझ्या पत्राची वाट बघत मीच तुझा फोन अडवून बसलो होतो. लोकांच्या लाइनीतले दोष काढण्यात जन्म गेला, आणि घरातला दिसला नाही. लग्नाच्या दिवशीचं बोलणंही माझंच चुकलं. फार चुकलं. हे सांगायला मला दोन वर्षं लागली.

आता मॉडेमची वायरच काढून ठेवली आहे. रविवारी, २१ तारखेला, सकाळी दहा ते बारा फोनजवळ मी बसणार. तुझी आई नाही, मी. फोन आला नाही, तर दुपारच्या एसटीने आम्ही दोघं उरणला निघू. घरात घ्यायचं की नाही ते तू ठरव. नाही घेतलंस तर निदान पोरीला खिडकीशी आण, मी रस्त्यावरून बघेन.

जावयांना नमस्कार सांग.

तू अजून म्हणत असशील तर,
तुझा बाबा