डाव्या बाजूचे पाटे

आई, परवा तुझी तिथी होती. घरात पंधरा-वीस माणसं जेवायला होती, आणि खीर वाढायला आली तसा मामाने, तुझ्या धाकट्या भावाने, दरवर्षीप्रमाणे तुझी ती गोष्ट काढली. “माझी बहीन लय धीराची, पन त्या दिवशी तिची मतीच फिरली. चालू कामात ट्रकखाली हात घालायला गेली! हा होता म्हनून वाचली.” असं म्हणून त्याने माझ्या पाठीवर थाप मारली. सगळे हसले, मीही हसलो. तुझी नात, जिला तू पाहिलं नाहीस, आता अकरा वर्षांची आहे. ती माझ्या पानात वडा ठेवता ठेवता म्हणाली, “म्हणजे आजी येडी होती का, पप्पा?” आणि मी म्हणालो, “थोडी होती.”

माझ्याच तोंडून निघालं ते. ऐकलं आणि मी सुन्न झालो. समोर भिंतीवर तुझा फोटो आहे, त्याच्याकडे मान वर करून बघायची हिंमत झाली नाही. इतकी वर्षं ती गोष्ट लोक सांगत होते आणि मी फक्त गप्प बसत होतो. परवा पहिल्यांदा मी माझ्या पोरीला ती स्वतःच्या तोंडाने खरी करून दिली. दोन दिवस झाले, गोदामात बसतो, माणसं काही विचारतात, मी हो हो म्हणतो आणि त्यांनी काय विचारलं ते मला आठवत नाही. म्हणून हे लिहायला घेतलंय. तुला पत्र लिहिण्यात काही अर्थ नाही हे कळतं. तू होतीस तेव्हाही माझं लिहिलेलं तुला कुणाकडून तरी वाचून घ्यावं लागलं असतं.

तो ट्रक तुझा होता. हे आता कुणाच्या लक्षातही नाही. बाबा गेले तेव्हा सगळा गाव सांगत होता, विकून टाक, बाईमाणसाला ट्रक काय करायचा? तू विकला नाहीस. आरसी बुकावर स्वतःचं नाव चढवून घेतलंस आणि मला बाबांच्या जागेवर बसवलंस. अंजूरच्या खाडीकाठी खारजमीन कसण्यात तुझा जन्म गेलेला, शाळा चौथीच्या पुढे नाही. पण रोज सकाळी चहाच्या आधी तू ट्रकभोवती एक फेरी मारायचीस, गोठ्यातल्या जनावराला बघावं तशी. टायरवर हात फिरवायचीस, वाकून खाली तेलाचे थेंब पडलेत का बघायचीस. मी सव्वीस वर्षांचा होतो. भिवंडीतल्या लूमवरून कापडाच्या गाठी उचलायच्या आणि कोन गावावरून कल्याणच्या बाजूला पोचवायच्या, नाहीतर आपल्याच आजूबाजूच्या शेतांवर तेव्हा नव्याने उठत होती त्या गोदामांत टाकायच्या, हे आपलं काम. गाडी जुनी, रस्ता फुटलेला, आणि गाठी जास्त होतायत असं मी कुणाला कधी म्हटलं नाही.

त्या वर्षी पावसाळा सरताना तू पहिल्यांदा म्हणालीस, “गाडी डाव्या अंगाला बसते.” मागच्या चाकावर आणि हौद्याच्या तळाखाली वीत धरून दाखवलंस. उजवीकडे वीतभर आणि वर चार बोटं जागा, डावीकडे वीतसुद्धा मावत नव्हती. “पाटे गेले हाईत. बदलून घे.” चाकाच्या वर लोखंडी पट्ट्यांची ती कमान असते ना, एकावर एक दहा-बारा पाटे बांधलेली, सगळा भार तिच्यावर असतो. हे मी तुला सांगायला हवं होतं, पण तू मला सांगत होतीस. मी म्हणालो, “आई, जमीन तिरकी आहे, गाडी नाही.” दुसऱ्या दिवशी तू मला गाडी उलट्या तोंडाने उभी करायला लावलीस. तरी ती डावीकडेच बसली. तू माझ्याकडे बघितलंस. मला राग आला. आईने बरोबर असावं आणि ते चार हमालांसमोर दिसावं, याचा राग. मी आणखी दोन महिने गाडी तशीच चालवली.

शेवटी दिवाळीनंतर एका शुक्रवारी तू स्वतःच केबिनमध्ये चढून बसलीस. पदर खोचलेला, मांडीवर डबा. “आज पाटे बदलल्याशिवाय गाडी घरी येनार न्हाय.” कोनच्या अलीकडे रस्त्याला लागून तो कमानवाला मिस्त्री होता, बाबा ज्याच्याकडे जायचे तो. मूळचा उत्तरेकडचा, पण आपल्याशी मराठी बोलायचा आणि चिडला की हिंदीवर यायचा. त्याच्या भट्टीशेजारी पाण्याची टाकी होती. तापलेले पाटे तीत बुडवायचे, पाणी सांडायचं, त्यामुळे पुढची जमीन बारा महिने ओली. त्याने गाडी बघितली, खाली वाकला, मान हलवली. नवे पाटे काढून ठेवले, जुन्यांचे बोल्ट ढिले केले, आणि तेवढ्यात अजान झाली. हात धुताना तो मला म्हणाला, “मी नमाज पढून येतो. तोवर गाडीला हात लावायचा नाही. मेरे आने तक कोई नीचे नहीं जाएगा.” त्याची माणसंही त्याच्याबरोबर गेली. उरलो आपण दोघं.

तो गेला आणि माझा मोबाईल वाजला, लूमवरून फोन होता. गाठी काढून ठेवल्यात, येतोस की दुसरी गाडी लावू? मी म्हणालो, तासाभरात पोचतो. मग मी जॅक लावला. खाली एक फळी टाकली, गाडी उचलली, चाकं काढली. लोखंडी घोडी कोपऱ्यातच पडली होती. उचललेल्या गाडीखाली ती उभी करायची असते, म्हणजे जॅक सुटला तरी गाडी घोडीवर बसते. ती ओढून आणायला दोन मिनिटं लागली असती. मी आणली नाही. हातोडा घेतला आणि पाठीवर सरकत कमानीच्या पुढच्या टोकाची पिन ठोकायला आत गेलो. डोकं, छाती आत, पाय बाहेर.

मला अजून तुझा आवाज ऐकू येतो. ओरडत नाहीस तू. हळू बोलतेस, शेतात साप दिसल्यावर बोलायचीस तशी.

“बाहेर ये.”

“दोन मिनिटं, आई.”

“फळीच्या कडेनं पानी वर आलंय. ती खाली चाललेय. बाहेर ये.”

“तुला काय कळतं यातलं? तिकडे बस जाऊन.”

तुला काय कळतं. खारजमिनीत उभा जन्म काढलेल्या बाईला मी सांगत होतो की चिखलातलं तुला काय कळतं. बांधावर पाय ठेवण्याआधी तो धरेल की गिळेल हे तुला पाण्याच्या रंगावरून कळायचं. मला जॅकचा दांडा दिसत होता, सरळ, चकचकीत. तू त्याच्या खालची जमीन बघत होतीस.

पुढचं सगळं एका श्वासात झालं. तू गुडघ्यांवर आत आलीस. तुझा उजवा हात माझ्या कमरेच्या पट्ट्यात घुसला आणि मी फरफटत मागे गेलो. माझा शर्ट कशात तरी अडकला. मी डोकं उचलायला गेलो तर तुझा डावा हात माझ्या कपाळावर आला आणि त्याने माझं डोकं जमिनीला दाबून धरलं. तूप-भाताचा वास होता त्या हाताला, डबा उघडत होतीस बहुतेक. शर्ट फाटला, मी बाहेर आलो, आणि माझ्या तोंडासमोरून गाडी खाली बसली. फार मोठा आवाज नाही झाला, आई. मला वाटायचं अशा वेळी मोठा आवाज होत असेल. मी उताणा पडलो होतो, वर आभाळ होतं, कपाळावर हात नव्हता. मान वळवली तर तू माझ्याशेजारी पालथी होतीस आणि तुझा डावा हात चासीखाली गेलेला. तू रडत नव्हतीस. तू मला विचारलंस, “लागला का तुला?”

मिस्त्री टोपी घातलेलाच धावत आला. दुसरा जॅक लावून त्याने तुझा हात सोडवला आणि स्वतःच्या खांद्यावरचा रुमाल त्याला गुंडाळला. रिक्षात तू माझ्या मांडीवर डोकं ठेवून होतीस. भिवंडीला दवाखान्यात पोचलो. तिथल्या माणसाने विचारलं, काय झालं? आणि मी म्हणालो, “आई मध्येच हात घालायला गेली. मी ओढून काढली.”

मी ते ठरवून बोललो नव्हतो, हे मला स्वतःला पुष्कळदा सांगून झालंय. पण बोललो मात्र अगदी स्पष्ट. तू स्ट्रेचरवर होतीस, डोळे उघडे. माझ्याकडे बघितलंस. रागाने नाही. अंगणात अचानक अनोळखी माणूस उभा दिसावा तसं. मग त्या माणसाकडे वळून म्हणालीस, “व्हय, तसाच झाला.”

करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. दोन दिवसांनी मी मिस्त्रीकडे गेलो. त्याने मला कशाला हात लावू दिला नाही, स्टुलावर बसवून ठेवलं आणि जुने पाटे एक एक काढून माझ्या पायाशी टाकले. वरचे पाटे टोकाला झिजून पातळ झालेले, कमान सपाट झालेली. चौथा पाटा मधून मोडलेला होता, आणि मोडलेल्या जागी आतपर्यंत गंज. “ये तो महीनों से टूटा है,” तो म्हणाला. “माँ को दिखता था, तेरे को नहीं दिखा?” मग खाली बघतच त्याने विचारलं, “जॅक किसने लगाया था?” मी सांगितलं, मी. त्यापुढे त्याने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. नवे पाटे चढल्यावर गाडी सरळ उभी राहिली. घरी आणली तेव्हा वाटलं, तू बघायला येशील. तू आली नाहीस.

गावात तोवर गोष्ट पोचली होती. बाईमाणसाचं गॅरेजमध्ये काय काम, हे प्रत्येकाने तुला ऐकवलं. मीही ऐकवलं. खरंच, मी म्हणालो तुला, “आता तू घरी बस, गाडीचं मी बघतो.” तुझ्याच गाडीचं. सकाळची फेरी बंद झाली. भातकापणीला डाव्या मुठीत लोंब्या धरवेनात, धरलेल्या सुटायच्या. शेजारची काकी म्हणाली, कशाला गेलीस गं मरायला तिकडे? तू हसून म्हणालीस, “माझीच चूक.” मी बांधावर उभा होतो. ऐकलं. त्यानंतर तू सहा वर्षं होतीस. सहा वर्षांत कितीतरी वेळा आपण दोघंच घरात असायचो, पाऊस असायचा, लाइट गेलेली असायची. तू मधेच काम थांबवून माझ्याकडे बघायचीस. आता वाटतं, तू वाट बघत होतीस. मी तेव्हा उठून बाहेर जायचो.

काल संध्याकाळी मी पोरीला समोर बसवून खरं काय ते सांगितलं. फळी, घोडी, कपाळावरचा हात, दवाखान्यात मी काय बोललो ते. ती रडली नाही. फोटोकडे बघून म्हणाली, “मग काल तू येडी का म्हणालास?” मग मी मामाला फोन लावला आणि त्यालाही सांगितलं. तो म्हणाला, “तू लोकांना असा सांगतोस ते तिला ठाव व्हता?” मी म्हणालो, हो. “तरी तिनं मना एका शब्दानं सांगितला न्हाय,” तो म्हणाला. त्याचा आवाज फुटला आणि त्याने फोन ठेवला. आज सकाळी मी केला तर उचलला नाही.

पण एक गोष्ट मी दोघांनाही सांगितली नाही. तू पट्टा धरलास तो दुसऱ्यांदा. त्याआधी तू माझा पाय धरला होतास, घोट्याजवळ, दोन्ही हातांनी. आणि मी लाथ मारली. दचकून नाही, आई. तू आहेस हे ठाऊक असताना, राग येऊन, जोरात मारली. ती तुझ्या हनुवटीला लागली, तू मागे पडलीस, डब्याचं झाकण वाजलं ते मी आतून ऐकलं. दवाखान्यात त्यांनी हनुवटीवरचा काळानिळा डाग बघून विचारलं तेव्हा तू म्हणालीस, गाडीचं लागलं. लाथ खाऊन तू उठलीस आणि पुन्हा खाली आलीस.

हे मी वेगळ्या पानावर लिहिलंय. पोर मोठी झाली की तिला हे पत्र वाचायला द्यायचं ठरवलंय. तेव्हा हे पान त्यात नसेल.