संगीत मुकुटविसर्जन

१८ मार्च १९९९, गुढीपाडवा. सकाळ.

नव्या वर्षाचा पहिला संकल्प. रोज उठल्यावर आधी घरातल्या प्रत्येकाची प्रकृती विचारायची, मगच लिहायला बसायचं. लगेच अंमल केला. बायकोला, गिताबाईला विचारलं, गुडघा काय म्हणतो? म्हणाली, "त्यो कवाचा तेच म्हणतोय, तुमी आज ऐकताय व्हय?" भिमाला अ‍ॅसिडिटीचं विचारलं. पोरगा रांजणगावच्या कंपनीतून नाइट करून आलेला, उत्तर द्यायच्या आत घोरायला लागला. सूनबाईची कंबर बरी आहे. नात अंकिताचा खोकला उतरला, पण तिनंच उलट विचारलं, "आबा, तुमाला बरं न्हाई का?"

दुसरा संकल्प. पेपर बंद, रेडिओच्या बातम्या बंद. दिल्लीचं नाव काढायचं नाही. वर्षभर बघतोय, रोज कुणीतरी रुसतंय, रोज कुणीतरी समजूत काढायला जातंय. देश चालवतात का लग्नातले मानपान सांभाळतात? शिसारी आली.

तिसरा संकल्प सगळ्यात मोठा. यंदा आमच्या निमोण्याच्या जत्रेत माझं स्वतःचं नाटक. शाळा चौथी, पण दौंडला रेल्वेत हमाली करताना रद्दीच्या गठ्ठ्यातली जुनी संगीत नाटकं वाचून मी शहाणा झालो. 'संगीत मुकुटविसर्जन', अंक पाच. राजा भर दरबारात स्वतःच्या हातानं मुकुट उतरवून ठेवतो. बस्स. दिल्लीच्या थोबाडीत.

२२ मार्च.

पहिला अंक झाला. नांदी झकास उतरली. राजाचं वाक्य: "शासन म्हणजे श्वासन! श्वास तोवर आसन, आसन तोवर भाषण!" पेटीवाल्या गेणबाला वाचून दाखवलं. म्हटलं, यात तीन अर्थ आहेत. म्हणाला, "आधी एक सांग. बाकीचं दोन जेवल्यावर बघू." बालमित्र आहे, पण कान पेटीच्या भात्यासारखे, नुसती हवा.

पेपर वाचला नाही. न्हाव्याच्या दुकानात भिंतीला चिकटवलेला होता, तो डोळ्यांपुढे आला. त्याला वाचणं म्हणत नाहीत.

२५ मार्च.

कलामंडळाची बैठक झाली. अध्यक्ष मी, मंडळ निघालं तेव्हापासून. राजाचा पार्ट माझा पुतण्या बिरदेव याला दिला. खालच्या आळीचा पोरगा, आवाज असा की बोलला तर शेरडं उठून उभी राहतात. सगळं गुणावर ठरलं. वशिला नाही, दबाव नाही. दिल्लीवाल्यांनी येऊन बघावं.

२७ मार्च.

वरच्या आळीचे मच्छिंद्रराव घरी आले. सोसायटीचे चेअरमन, त्यामुळं चहा साखर जास्त घालून. आमच्याकडं जत्रेचं स्टेज म्हणजे दोन ट्रॉल्या पाठीला पाठ लावून जोडायच्या, वर फळ्या टाकायच्या. एक ट्रॉली वरच्या आळीची, एक खालच्या आळीची. रीतच आहे तशी. म्हणाले, "आबा, ट्राली कवाबी न्या. पण राजा आमचा पोरगा विक्रम पायजे. न्हाईतर तुमी आर्ध्या स्टेजवर करा नाटक."

विचार करून विक्रमला राजा केलं. बिरदेव भडकला. त्याच्यासाठी 'उपराजा' हा नवा पार्ट लिहिला. जुन्या नाटकांत असलं काही नसतं, पण कला पुढं जायला पाहिजे. तिकडं दिल्लीत खुर्चीसाठी तडजोड करतात. मी ट्रॉलीसाठी केली. फरक आहे.

३ एप्रिल.

वरच्या आळीनं दोन प्रधान मागितले. दिले. खालची आळी म्हणाली, मग आमचे तीन. दिले. वरची परत आली. आता प्रधान इतके झालेत की बघायला कोण उरणार हा प्रश्न आहे. संवाद कुणालाच नाहीत. नुसते फेटा बांधून उभे राहतील. गेणबा म्हणाला, "आबा, ह्ये तर पेपरात आलं तसंच झालं." त्याला सांगितलं, पेपरचं नाव माझ्यापुढं काढू नकोस. मग विचारलं, काय आलंय?

१० एप्रिल.

तालीम. विक्रमला पाठांतर शून्य. "श्वासन"च्या जागी दर वेळी "शासन शासन" म्हणतो आणि पुढं गप्प.

तालमीनंतर मच्छिंद्ररावांनी मला बाजूला घेतलं. "आबा, मुकुट काढायचा शीन तेवढा गाळा. तालुक्याची माणसं म्होरं बसणार. जूनला सोसायटीचं इलेक्शन हाय. चेअरमनचं पोरगं गादीवरनं उतरलेलं लोकांनी बघितलं, तर काय शोभा?"

इथं मात्र मी ताठ राहिलो. म्हटलं, राव, सगळं दिलं, हे नाही देणार. हा शीन गेला तर नाटकात राहिलं काय, फेटे? शेवटी देवळात जाऊन विक्रमनं भंडारा उचलून शपथ घेतली. "शेवटच्या अंकात मुकुट काढीन, खाली ठेवीन, गादीवरनं उठीन." भंडारा उचलल्यावर आमच्यात विषय संपतो. तत्त्वाचा विजय झाला. घरी येऊन दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

१७ एप्रिल.

रेडिओ लावला नव्हता. शेजाऱ्यानं लावला होता, मी फक्त भिंतीला टेकून उभा होतो. सरकार पडलं. एका मतानं! एवढा मोठा देश, आन् एका माणसाचा हात इकडचा तिकडं झाला की खलास. आता दोन्हीकडचे एकेक डोकं हुडकत फिरतील, हातापाया पडतील, काल शिव्या घातल्या त्यालाच पाट मांडतील. थू! माणसाला काही लाज? जेवलो नाही. गिताबाई म्हणाली, "त्यांचं सरकार पडलं, तुमचं पोट कशाला पाडताय?" मग थोडा भात खाल्ला.

२५ एप्रिल.

काल प्रयोग झाला. जसं घडलं तसं लिहितो.

नांदी झाली. चौथ्या अंकापर्यंत लोक शांत होते. गिताबाई म्हणते, झोपले होते. पाचवा अंक. राजा गादीवर, अवतीभवती प्रधानांची गर्दी. मी विंगेतून वाक्य दिलं, "घे रे धरणी, हा भार शिराचा!" विक्रमनं हात मुकुटाला लावला. खरंच लावला, मी पाहिलं. तेवढ्यात पुढच्या रांगेतून मच्छिंद्ररावांचा आवाज, "इक्या, हात खाली!"

विक्रमनं हात खाली घेतला.

मी परत वाक्य दिलं. मोठ्यानं दिलं. विक्रम माझ्याकडं बघतो, बापाकडं बघतो, घाम पुसतो. तेव्हा उपराजा पुढं आला आणि पार्टात नसलेलं बोलला, "काढतुस का मी काढू? भंडारा उचललाय तू!" बिरदेवनं मुकुटाला हात घातला. वरच्या आळीचे प्रधान त्याच्यावर, खालच्या आळीचे त्यांच्यावर. फेटे सुटले. मी मधे उभा राहून नाटकाच्या भाषेत विनवलं, "शांत व्हा, सामंतहो!" कुणाचं तरी कोपर लागलं.

मच्छिंद्रराव उठले. "बास! आमची ट्राली आमी घिऊन चाललो!" ट्रॅक्टर जोडलेलाच होता. फळ्या सटकल्या, पडदा टर्रकन फाटला, आणि अर्धं स्टेज जागचं हललं. त्यावर गादी, गादीवर विक्रम, डोक्यावर मुकुट. दोन्ही हातांनी धरून बसला होता. ट्रॅक्टर वेशीतून वरच्या आळीला वळेपर्यंत राजा दिसत होता.

टाळ्या थांबेनात. उभ्या जत्रेत इतक्या टाळ्या कुणाला पडल्या नव्हत्या. लेखक म्हणून मी उरलेल्या अर्ध्या स्टेजवरून हात जोडले.

२८ एप्रिल.

गावात जाईन तिथं नाटकाचाच विषय. वच्छलाबाई पाणवठ्यावरनं ओरडून म्हणाली, "आबा, लई दिसांनी हसलो! फुडल्या वर्षी बोलणं काढा, नुसता टॅक्टर ठिवा." पाच अंक लिहिले मी. श्लेष, अनुप्रास, यमकं. या गावाला वाङ्मय कळत नाही, चाकं कळतात.

विक्रम दौंडला मामाकडं पळाला. गावभर पोरं "म्हाराज आलं" म्हणतात, तर करणार काय. भाड्यानं आणलेला मुकुट घेऊनच गेला. भंडारा उचलून शब्द मोडणाऱ्या माणसाचं मी पुन्हा तोंड बघणार नाही. हा संकल्प पक्का.

३० एप्रिल.

बिरदेवनं मंडळाची बैठक लावलीय, नऊ तारखेच्या रविवारी. म्हणतो, "चुलतं, तुमी लई वर्स केलं. आता उतरा. मी अध्यक्ष होतो." सख्खा पुतण्या! उपराजा मीच केला, तोही नसलेला पार्ट लिहून!

गिताबाई म्हणाली, "द्या की सोडून. पोरगं करंल." तिला नीट समजावून सांगितलं. राजाची गोष्ट वेगळी, मंडळाच्या अध्यक्षाची वेगळी. राजा मोहानं बसतो, मी अनुभवानं बसलोय. आत्ता मी उतरलो तर मंडळाचं काय होईल? तिनं चुलीत फुंकर घातली. म्हणजे पटलं असावं.

१ मे.

सकाळी प्रकृती विचारायची राहिली. बैठकीच्या मतांच्या हिशेबात होतो. खालची आळी सगळी बिरदेवकडं. वरची आळी माझ्याकडं, बिरदेव नको म्हणून. गेणबा म्हणतो, पेटीला पक्ष नसतो, मी हात वर करणार नाही. माझं स्वतःचं मत धरलं, त्यात काही गैर नाही. तरी एक कमी पडतंय.

फार विचार केला. मग कार्ड लिहून टपालात टाकलं. इथं उतरवून ठेवतो:

"चि. विक्रम यास अनेक आशीर्वाद. तुझी तब्येत कशी आहे? मामांची? मामींचा दमा? इकडं सर्व क्षेम. झालं गेलं आम्ही मनात ठेवलेलं नाही. तरुण रक्त आहे, चुकायचंच. मुकुट तूर्त तुझ्याकडंच राहू दे, ड्रेपरीवाल्याला मी बघतो. पुढल्या वर्षीही राजा तूच, आणि शेवटचा शीन गाळायचं माझ्या मनात आहे. फक्त नऊ तारखेला, रविवारी सकाळच्या यष्टीनं ये, देवळासमोर बैठक आहे, मी सांगेन तेव्हा हात वर कर. बिरदेवनं तुला आधी कार्ड टाकलं असेल तर ते वाचू नकोस. येतोस की नाही ते उलट टपाली कळव. वाट बघतो."