पाहुण्यांच्या मनासाठी

२७ एप्रिल, सोमवार

मी वाणिज्य शाखेचा पदवीधर, वय पंचावन्न, एका गोदाम कंपनीत अंतर्गत तपासणीचा प्रमुख, आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीचा पंच. बिनपगारी रजा घेऊन पत्नीसह, मंडळीच्या तुकडीबरोबर, परदेशात सुवार्तेच्या सेवेचा एक हंगाम पुरा केला आणि शनिवारी घरी परतलो. येत्या रविवारी उपासनेत मला साक्ष द्यायची आहे. तीत काय बोलायचे हे रागाच्या भरात ठरू नये, म्हणून राग इथे काढतो. हे लिहिण्याचा हेतू एवढाच.

राग आहे. पुष्कळ आहे!

सकाळी पाळकसाहेबांचा फोन. ‘या, या! हंगाम गाजवून आलात! रविवारी वीस मिनिटं तुमची. आणि सुताराची गोष्ट पाहिजे हं, लोक वाट बघतायत.’ मी ‘बरं’ म्हणालो. बरं!

सुताराची गोष्ट मीच इथवर पोहोचवली. तिथल्या प्रार्थनागृहामागे सिमेंटचा हौद आहे. हंगामाच्या शेवटच्या रविवारी गावातला सुतार पांढरा झगा घालून त्या हौदात उतरला. पंच म्हणून त्याचा दंड मी धरला होता. बाप्तिस्मा घेऊन तो वर आला तो रडत. मी रडलो, आमच्या तुकडीतले सगळे रडले. तिथल्या तिथे, ओल्या कपड्यांनिशी, मी फोनवर बोलून ती हकिकत पाठवली आणि पाळकसाहेबांनी ती भर उपासनेत सगळ्यांना ऐकवली. म्हणे अर्धी मंडळी डोळे पुसत होती.

आणि दुसऱ्याच दिवशी मला खरे काय ते कळले. ते मी अजून कुणाला सांगितलेले नाही. पत्नीलासुद्धा नाही.

२८ एप्रिल, मंगळवार

कामावर रुजू झालो. शिपाई म्हणाला, ‘साहेब, फॉरेन मानवलं की!’

मानवलं!

एका तपासनिसाला भर खोलीत झापले. कारण आता आठवतही नाही.

२९ एप्रिल, बुधवार

आज लिहून टाकतोच.

बाप्तिस्म्याच्या दुसऱ्या दिवशी मी सुताराच्या कारखान्यात गेलो. कोठीच्या खोलीसाठी फळ्या हव्या होत्या. आमचा वाहनचालक दुभाष्या म्हणून बरोबर होता. खरे सांगायचे तर फळ्या निमित्त होत्या. नव्या बंधूला भेटायचे होते, त्याच्या गळ्यात पडायचे होते.

कारखाना म्हणजे पत्र्याखालची एक लांबट खोली. दारात भुसा, भिंतीला टेकलेल्या कच्च्या चौकटी, डिंकाचा वास. खिडकीला पांढरा पडदा होता आणि पडद्याच्या मधोमध निळ्या दोऱ्याने भरलेले कबुतर. रंधा मारलेल्या फळ्यांवर धूळ बसू नये म्हणून पांढरे कापड टाकले होते. त्यावर मासा. सुताराच्या कमरेला जे गुंडाळलेले होते, त्यावर जैतुनाची डहाळी. आणि बाहेर दोरीवर, ठिबकत, आमच्या तुकडीचा झगा. छातीवर लाल क्रूस. तो पत्नीने स्वतः बसून भरला होता.

तिथे दर हंगामी जाणारी प्रत्येक तुकडी आपला झगा शिवते, आपली खूण भरते आणि बाप्तिस्मा झाला की तो त्या माणसालाच देते. ही आमची प्रथा. आठवण म्हणून!

मी चालकाला म्हणालो, याला विचार, हे झगे कुणाचे?

सुताराने रंधा खाली ठेवला आणि एकेका झग्याकडे बोट दाखवून कौतुकाने सांगू लागला. ‘हा पहिल्या पाहुण्यांचा. ते लोक फार उंच होते, झगा पायात यायचा. हा त्यांच्या नंतरच्यांचा, कापड यांचं सगळ्यात चांगलं. हा तुमचा, अजून वाळला नाही.’

म्हणजे हा गृहस्थ दर हंगामी बाप्तिस्मा घेतो!

मी विचारले, का? चालकाला तो प्रश्न त्याच्यापुढे ठेवायला संकोच वाटला, मी पुन्हा बजावले. सुतार मात्र जराही वरमला नाही. म्हणाला, ‘एवढ्या लांबून पाहुणे येतात. आजाऱ्यांना औषध देतात, बायकांना शिवण शिकवतात. आणि हंगाम संपत आला आणि कुणी हौदात उतरलं नाही की त्यांचे चेहरे बघवत नाहीत हो! जेवत नाहीत, रडत प्रार्थना करत बसतात. म्हणून आम्ही आपसात नंबर लावून घेतलेत. या वर्षी खरं तर मेव्हण्याचा होता, पण त्याला पाण्याची भीती. मग पुन्हा मीच.’

मी म्हणालो, पण तू रडलास!

‘तुम्ही रडायला लागलात, मग मलाही आलं.’

तुझा विश्वास आहे की नाही, हेही विचारले. तो थोडा विचार करून म्हणाला, ‘तुमचा देव चांगला आहे. त्याच्याबद्दल माझी काहीच तक्रार नाही.’

तक्रार नाही! मग हसून माझ्या खांद्यावरचा भुसा झटकला आणि विचारले, ‘तुम्हाला बरं वाटलं ना?’

या एका वाक्याने मी जितका पेटलो तितका आयुष्यात कशानेही पेटलेलो नाही. फसवले असते तर समजू शकलो असतो. याने माझ्यावर उपकार केले! परात पुढे करून पाहुण्याला आणखी एक घास वाढावा, तसा बाप्तिस्मा!

३० एप्रिल, गुरुवार

संध्याकाळी पाळकसाहेबांच्या खोलीत गेलो. दार लावून घेतले. सगळे सांगितले.

ते दचकले नाहीत. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाले, ‘कबुतरवाला झगा आमच्या तुकडीचा, मी गेलो होतो तेव्हाचा.’

त्यांना माहीत होते!

‘अहो, पाणी खरं होतं, प्रार्थना खरी होती, तुम्ही रडलात तेही खरं. मग खोटं काय?’

मी म्हणालो, माणूस.

‘ते ठरवणारे तुम्ही कोण? तुम्ही गोदामातल्या पोत्यांची तपासणी करता, ती सवय इथे आणू नका. दहा वेळा उतरू दे, अकराव्या वेळी प्रभू भेटेल.’

मी विचारले, आणि मंडळीपुढे आपण काय सांगत आहोत? त्यावर ते उठून उभे राहिले. ‘सुताराबद्दल जेवढं पाहिलंत तेवढं सांगा. हौदात उतरला, रडला, संपलं. यात एक शब्द तरी खोटा आहे का?’

नाही. एकही नाही. माझ्या कामात याला काय म्हणतात ते मला नेमके ठाऊक आहे. असा अहवाल माझ्या हाताखालच्याने आणला असता तर मी त्याच्या तोंडावर फेकला असता.

निघताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘तुमच्या मुलीचा तरी विचार करा.’

१ मे, शुक्रवार

मुलगी आली होती. ती रुग्णालयात परिचारिका आहे, तिथल्याच वसतिगृहात राहते. दार उघडताच गळ्यात पडली. ‘पप्पा, किती काळवंडलात! आणि मम्मी, तू तर निम्मी झालीस!’

मग बातमी. ती पुढच्या हंगामात तिथे जाणार. एका हंगामासाठी नव्हे, कायमची. पाळकसाहेबांनी होकार दिला आहे. सोमवारी नोकरीचा राजीनामा.

‘पाळकसाहेबांनी मला फोनवर पाठवलेला तुमचा आवाज मी वॉर्डात कोपऱ्यात उभी राहून ऐकला, पप्पा. तुम्हाला कधी रडताना ऐकलंच नव्हतं. तेव्हाच ठरलं. जिथे तुमच्यासारखा माणूस रडतो, तिथे प्रभू असणारच!’

माझ्यासारखा माणूस! त्या सुताराच्या शिष्टाचारावर माझी पोर आयुष्य उधळायला निघाली आहे. कायम नोकरी, इतक्या वर्षांचे शिक्षण!

बोलायला तोंड उघडले की ती हसायची आणि ते हसणे मोडवत नव्हते. तिचे मन राखून गप्प बसलो आणि ती गेल्यावर स्वतःचाच असा संताप आला की हातातली बशी फुटली.

पत्नीने तुकडे गोळा केले. ‘काय झालंय ते सांगणार आहात का?’ मी म्हणालो, उद्या.

२ मे, शनिवार

सांगितले. सांगितले म्हणजे ओरडलो. ती मुलीचे ब्लाउज उसवत बसली होती. पाहुणचार म्हणून बाप्तिस्मा! ही सरळसरळ थट्टा आहे, प्रभूची आणि आपली!

तिने मान वर केली नाही. ‘मला माहीत होतं. शिवणाला येणाऱ्या बायकांनी पहिल्याच आठवड्यात सांगितलं.’

मग क्रूस भरत का बसलीस?

‘तुम्ही किती खुशीत होतात. आणि कापड चांगलं होतं, म्हटलं त्यांच्या उपयोगी पडेल.’

मी काय बोललो ते लिहिण्यासारखे नाही. तिने मला संपेपर्यंत बोलू दिले. मग कात्री बाजूला ठेवली.

‘माझा बाप्तिस्मा आठवतो का तुम्हाला?’

आठवणार नाही कसा! तिचे माहेर आपल्यातले नाही. लग्नाच्या आठवडाभर आधी तो झाला. आईने स्पष्ट सांगितले होते, बाप्तिस्मा झाल्याशिवाय या घरात सून येणार नाही.

‘तुमच्या आई हौदाशी टॉवेल घेऊन उभ्या होत्या. तुम्ही समोर. चेहरा असा फुलला होता तुमचा! मला तेव्हा काय कळत होतं? एक प्रार्थना धड पाठ नव्हती. तुमचं मन मोडायचं नव्हतं, म्हणून उतरले.’

मी म्हणालो, तुझी गोष्ट वेगळी.

‘कशी?’

मी आवाज चढवला. नंतर तरी विश्वास आला ना? आज तरी आहे ना?

‘तुम्ही रागात आहात,’ ती म्हणाली. ‘रागात विचारलेल्याला काय सांगायचं?’ आणि पुन्हा टाके उसवू लागली.

तिची गोष्ट वेगळीच आहे. तीस वर्षे एकही उपासना तिने चुकवली नाही, माझी आई शेवटी तिच्याकडूनच प्रार्थना करून घेई. सुताराचा आणि तिचा काय संबंध! उद्या मी सत्य सांगणार. पूर्ण सांगणार. पाळकसाहेब रागावोत, मंडळी रागावो. मुलीला कळले पाहिजे.

३ मे, रविवार

साक्ष दिली. झगे, नंबर, मेव्हणा, सारे सांगितले. पाळकसाहेब मध्ये खोकले, मी थांबलो नाही. शेवटी, लिहून नेले नव्हते तेही बोललो: कुणाचे मन राखण्यासाठी घेतलेला बाप्तिस्मा हा बाप्तिस्मा नव्हे, आणि अशा माणसाला प्रभूच्या मेजावर, प्रभुभोजनाच्या भाकरीवर, हक्क नाही.

बाकावर परत येऊन बसलो तेव्हा मुलगी माझ्या कानाशी म्हणाली, ‘उद्या राजीनामा देत नाही, पप्पा.’ मला हवे होते तसेच झाले.

मग प्रभुभोजन. भाकरीचे ताट आमच्या बाकापर्यंत आले. लग्नापासून आजवर पत्नीने ते एकदाही नाकारलेले नाही. आज तिने ते दोन्ही हातांनी घेतले, क्षणभर धरले, आणि त्यातले काहीही न उचलता माझ्या हातात दिले.

तिचा नवरा
घरी, रविवार दुपार