हिरव्या भिंतीचा वास

एल्क फोर्क, वॉशिंग्टन
२ मार्च

चि. सौ. हेल्मी हिस,
नाक दाबून अ. आ.

नाही गं बाई, घरात काही मेलेलं नाही. उंदीर नाही, मांजर नाही, मीही अजून आहे. वास येतो तो तुझ्या लेकीच्या कलेचा.

काइसा माझ्याकडे राहायला आली तेव्हा मला वाटलं, भिंतीवर लिहायचं म्हणजे रंगाचे डबे असतील. कुठलं काय! ओलं शेवाळ, ताक, साखर आणि अर्धा कॅन बिअर असं सगळं माझ्या मिक्सरमधून काढायचं आणि ग्रंथालयाच्या भिंतीला ब्रशनं फासायचं. मग म्हणे अक्षरं आपोआप उगवतात. रंग नको, रसायन नको, पृथ्वीला त्रास नको. त्रास सगळा मावशीच्या नाकाला.

इथं सगळं गाव दर वर्षी छपरावर चढून शेवाळ खरवडतं. आमचे आर्वो त्यापायीच घसरून माझ्या गुलाबांत पडले होते. नवऱ्यानं मला गुलाब आणून दिले ते तेवढेच, पाठीत रुतवून. आणि तुझी लेक तेच शेवाळ भिंतीला लावायचं मानधन घेते! नगरपालिकेतल्या लोकांची डोकी कोणत्या मिक्सरमधून काढली असतील?

पण खरी घाण पुढेच आहे. मंगळवारी ताक संपलं. कार्टीनं काय करावं? फ्रीजमधलं आईचं विरजण उचललं आणि ओतलं. हेल्मे, आजीनं फिनलंडहून रुमालावर वाळवून आणलेलं ते विरजण! बोटीतून आलं, दुष्काळातून निघालं, माझ्या सासूच्या हातून वाचलं, आणि आता भिंतीवर चोपडलंय. करवती दुरुस्त करणाऱ्या ड्वेनचा कुत्रा येता-जाता ते चाटतो. बघूनच मला उमासा येतो.

तुझ्याकडचं शिल्लक असेल तर थोडं पाठव. लोभ आहेच, तो झाकून ठेव, लेकीच्या हाती लागू देऊ नको.
तुझी,
आयली

याकिमा
९ मार्च

ती. आयलीताईस,
कोरड्या गावातून सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून मी हसले आणि मग मला कसंतरी झालं. ताई, तुला सगळं माहीत नाही. काइसाचं कुठलंच काम टिकत नाही. गेलं वर्षभर ती माझ्या कोचावर झोपत होती, दुपारी उठत होती आणि मी काही विचारलं की भिंतीकडे तोंड करत होती. आता टॅकोमाच्या एका बँकेची माणसं एप्रिलअखेर तिची भिंत बघायला येणार आहेत. आवडली तर त्यांच्या अख्ख्या इमारतीचं काम तिला मिळेल. नाही आवडली तर परत कोच. यानंतर तिला कुणी विचारेल असं मला वाटत नाही.

म्हणून हात जोडून सांगते, तिला चिडवू नकोस. लहानपणी तू मला चिडवायचीस तेव्हा मी निदान चावू शकत होते. ती आतल्या आत जाते. आणि गावात तिच्याबद्दल वाकडं बोलू नकोस, तुझं तोंड मला माहीत आहे. फक्त तिच्या पाठीशी राहा.

विरजण वाळवून याच पाकिटात घातलंय. रुमाल परत हवा. लोभ कर, थोडा माझ्या लेकीवरही.
तुझी,
हेल्मी

एल्क फोर्क
१९ एप्रिल

चि. सौ. हेल्मी हिस,
अ. आ.

तुझ्या शब्दाखातर मी तोंडाला कुलूप घातलं. मार्चभर त्या भिंतीवर काय उगवलं म्हणशील? बुरशी. पांढरी, केसाळ, म्हाताऱ्याच्या कानासारखी. तिच्यामागून गोगलगायी आल्या, पिवळ्याजर्द, अंगठ्याएवढ्या. ग्रंथपालबाई सकाळी कुलूप उघडायला गेल्या आणि त्यांनी एक मुठीत धरली. त्यांची किंकाळी माझ्या स्वयंपाकघरात ऐकू आली. मी तरी चिडवलं नाही. गोगलगायींना मानधन वेगळं देणार का, एवढंच विचारलं. तेवढं चालतं.

आणि गेल्या सोमवारी बघते तो भिंत हिरवीगार! जाड, मऊ, उशीसारखी अक्षरं. ‘जंगल जपा’ असं ठसठशीत. लोक पोरांना उभं करून फोटो काढायला लागले. काइसा म्हणाली, मावशी, ओलावा बसला एकदाचा. माझी छाती फुगली, खोटं कशाला सांगू? ड्वेन मात्र नाक मुरडून म्हणाला की असलं शेवाळ भिंतीवर येत नाही, ते झाडाचं आहे. मी त्याला म्हटलं, तू आपल्या करवती घास.

मग काल मी सारात घालायला खाजरा पाला खुडायला ओढ्यावर गेले. हेल्मे, तिथले जुने मेपल आठवतात? त्यांच्या फांद्यांना हिरव्या बाह्या असायच्या आणि आपण त्यांत कोपरापर्यंत हात खुपसायचो. सगळे सोललेत. हात पोचेल तिथवर आणि त्याच्यावर शिडी पोचेल तिथवर. कोंबडी कढत पाण्यात बुडवून पिसं उपटतात ना, तशी उघडी, लालसर, ओली झाडं. खाली चिखलात एक घरटं पडलं होतं. त्यातली अंडी फुटली होती आणि मुंग्यांची रांग लागली होती. बाजूला गोंदाच्या रिकाम्या नळ्या. आणि शिडी माझीच, आर्वोंनी बुडाला रबर ठोकलेली. मी तिथंच ओकले. इतके दिवस त्या नासक्या ताकानं जे झालं नाही ते तिथं झालं.

घरी येऊन काइसाला विचारलं. ती म्हणाली, मावशी, शेवाळ परत येतं. कधी, म्हटलं. येतं गं, म्हणाली. मी सांगितलं की ते तुझ्या पणज्याच्या वेळचं आहे. तर म्हणे, बँकेची माणसं येऊन जाऊ देत, तोवर कुणाला बोलू नकोस. आणि मग तिनं वेलदोड्याचा पाव मागितला. मी दिला. वर लोणी लावून दिला. तो घशाखाली उतरताना बघवत नव्हता.

आता तूच सांग, मी काय करू?

लोभ कमी झालेला नाही, पण जेवण जात नाही.
आयली

याकिमा
३० एप्रिल

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र आलं त्याच दिवशी काइसाचा फोन आला. वनखात्याचा माणूस आधी थेट ओढ्यावर गेला आणि मग भिंतीपाशी आला. दंड झाला. दुसऱ्या दिवशी बँकेची माणसं आली आणि मोटारीतून न उतरताच निघून गेली. म्हणजे संपलं सगळं.

तिनं चुकीचं केलं, मला कळतं. पण झाडं बोलत नाहीत गं, माणसंच चुगली करतात. हा ड्वेनच. तूच लिहिलंस की त्यानं शेवाळ ओळखलं. मी त्याच्या बायकोला पत्र टाकलंय, मनात आलं ते सगळं लिहिलंय. परक्याच्या पोरीचं अन्न तोडताना यांना शिसारी कशी येत नाही?

तू गप्प राहिलीस. तुझ्यासारखीला ते किती जड गेलं असेल! हे मी जन्मभर विसरणार नाही. असाच लोभ ठेव.
तुझी,
हेल्मी

एल्क फोर्क
७ मे

चि. सौ. हेल्मी हिस,
आशीर्वाद, घेशील तर.

ड्वेनच्या बायकोला लिहिलेलं मागे घे. ती बिचारी ते पत्र घेऊन माझ्या पायरीवर बसली होती. चुगली त्याचीच असं धरून गावातल्या निम्म्या लोकांनी ड्वेनकडे करवती नेणं बंद केलंय. रस्त्यात भेटला की तो माझ्याकडे बघतो आणि कुत्र्याला ओढत पलीकडच्या बाजूनं जातो.

काइसा शनिवारच्या बसनं निघाली. तिला डबा बांधून दिला. तिनं मला मिठी मारली आणि म्हणाली, मावशी, या गावात एक तूच माझी. मला माझ्याच कातडीची किळस आली. भिंतीवरचं शेवाळ वाळून काथ्यासारखं लोंबतंय. आता पालिकेनं ते खरवडायला माणसं शोधायला घेतली आहेत.

खाली ‘लोभ असावा’ असं लिहायला हात उचलत नाही, म्हणून लिहीत नाही. वनखात्याला फोन मी केला. ओढ्यावरून आले, तोंड धुतलं आणि केला. तुला ‘काय करू’ विचारलं, तेव्हा करून झालं होतं. त्यांनी नाव विचारलं, तेही मीच सांगितलं. काइसाचं, आडनावासकट.

आयली