मोरगावला गेलेली पेनं

ती. आईस,
इंदापुराहून मनिषाचा नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? आम्ही सगळे बरे आहोत.

राजलक्ष्मीच्या दहावीच्या गणिताला नऊ दिवस उरलेत आणि तिच्या क्लासच्या सरांनी काल बस भरून पोरं आपल्या मोरगावला नेली, गणपतीच्या पायांना पेनं लावायला! रांगेत तुला दिसलेच असतील. वर्षभर या गृहस्थांना भूमितीची एक आकृती धड समजावता आली नाही, पण फ्लेक्सवर स्वतःचा फोटो दारापेक्षा मोठा.

जोतीदादा लेकीकडं बघून म्हणाला, "सगळी पोरं निगाली, आपलीच कशी मागं ठेवायची?"

मी म्हटलं, "पेपर काय पेन सोडवतं व्हय?"

पोर माझ्यापाशी थांबली. महिन्यापूर्वी मी शिकवायला घेतली तेव्हा कोरी वही पुढ्यात घेऊन रडायची. काल दहातली सहा गणितं एकटीनं सोडवली.

संध्याकाळी मात्र हळूच म्हणाली, "आत्या, सगळ्या क्लासात माझंच पेन तसंच राहिलं."

मग काय, ते पेन या पाकिटात घातलंय. पायांना लाव आणि लगेच परत पाठव. दादाला सांगू नकोस, आठवडाभर हसेल.

तुझी,
मनिषा