अकरा रविवारांचं खासगी पेट्रोल

ती. मामांना,

शिरसाष्टांग नमस्कार (कंबर धड आहे तोवर घालून घेतो). तुमचा खोकला कसा आहे? मामींची झोप? इकडे आई ठणठणीत आहे आणि तुमच्याशी बोलत नाही, म्हणजे तब्येतीत फरक नाही. माझ्या लग्नाच्या फोटोत तिनं तुम्हाला माझ्या उंच सासऱ्यांच्या मागे उभं केलं, त्याला तीन वर्षं झाली. फोटोत तुमचं नुसतं टक्कल दिसतं, हे मला मान्य आहे. पण तेवढ्यावरून सख्ख्या बहीणभावांनी एकमेकांचं तोंड बघू नये, हे काही पटत नाही. (हे पत्र तिच्या नकळत लिहितोय.)

तर सांगायचं होतं गाडीचं. पाण्याचे पंप विकून विकून माझ्या चपला झिजल्या, तेव्हा कंपनीनं मला गाडी दिली, पेट्रोलही तिचंच. मी हुरळलो. मग कळलं की घरच्या कामाला गाडी फिरवली तर तेवढं पेट्रोल माझी कमाई धरतात आणि त्यावर पगारातून कर कापतात. म्हणून एक वही ठेवायची: निघताना मीटरचा आकडा, पोचल्यावरचा आकडा, कुठे गेलो, कशासाठी. वहीत घोळ निघाला तर सगळंच पेट्रोल खासगी. पहिल्या महिन्यात मी महिनाअखेरीला बसून आठवून आठवून लिहिलं आणि एकाच मंगळवारी सकाळी दहा वाजता दोन गावांत पंप विकले. आमच्या हिशेबनीस बाईंनी (त्यांना आम्ही चाळणीबाई म्हणतो, खडा सुटत नाही त्यांच्या हातून) ते बरोबर पकडलं.

शेवटी वही आईकडे सोपवली. चाळीस वर्षं शाळेत हजेरी घेतलेली बाई ती. रोज जेवताना माझी उलटतपासणी सुरू झाली. गिऱ्हाईकाकडे जाता जाता केस कापून घेतले, तर तेवढा वळसा तिनं खासगीत टाकला आणि पुढे शेरा मारला, डोकं त्याचं स्वतःचं आहे. पोटच्या पोराला सूट म्हणून नाही. वही मात्र लख्ख झाली.

घोडं अडलं रविवारपाशी. दर रविवारी आई म्हणते, जरा हवा खाऊन येऊ. हवा आमच्या गल्लीतही आहे, पण तिला तेवीस किलोमीटरवरची लागते. तुमच्या इमारतीसमोर, औषधाच्या दुकानापाशी गाडी उभी करायची, काचा बंद ठेवायच्या (हवा खायला आलोय ना!), दहा मिनिटं तुमच्या खिडकीकडे बघायचं आणि परत. अशा अकरा फेऱ्या. अकराही वेळा तिनं 'कशासाठी'चा रकाना कोरा सोडलेला. चाळणीबाई म्हणाल्या, कोरं चालणार नाही, शुक्रवारपर्यंत भरून आणा. मी घरी सुचवलं की त्याच रस्त्यावर आपलं एक गिऱ्हाईक आहे, त्याच्याकडे गेलो असं लिहू, कर वाचेल. आईनं पेन खाली ठेवलं.

"खोटं लिहायचं नाही," ती म्हणाली. "मी माझ्या भावाकडे जाते."

मामा, तीन वर्षांत तिच्या तोंडून हे पहिल्यांदा निघालं. सगळ्या नातलगांनी हात टेकले होते, ते एका रकान्यानं करून दाखवलं. मग तिनं अकराही ठिकाणी एकच लिहिलं: भावाकडे. भेट नाही. खासगी. आता कर कापतील, कापू देत. मला इतका आनंद झाला की वही देताना मी चाळणीबाईंना वाकून नमस्कार केला. त्यांनी वही पुन्हा पहिल्या पानापासून तपासली.

मामींना नमस्कार.

तुमचा भाचा

ता. क. कर मी हसत भरेन, पण 'भेट नाही' याच्यावर कर भरणं जिवावर येतं. येत्या रविवारी साडेदहाला खाली उतरा आणि काचेवर टकटक करा, एवढंच मागणं आहे. फोटोचा विषय तेवढा काढू नका.

ता. क. २. काढलाच तर सांगा, फोटो पुन्हा काढू. सासरे खाली बसायला तयार आहेत.

ता. क. ३. धाकट्या, हा पत्र टेबलावर ठेवून अंघोळीला गेला. मी वाचलं. अकरा नाही, बारा रविवार. एकदा याला सवड नव्हती, तेव्हा मी बसनं आले होते. या रविवारी वर येते. चहा टाक.
– ताई