तो संधी, ती संधी

बाबा,

रागावलेय मी तुमच्यावर. तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली, तरी आज पुन्हा नव्यानं.

आयुष्यभर तुम्ही पुण्यात मुलांना जर्मन शिकवलंत आणि उरलेल्या वेळात पहिल्या महायुद्धातल्या वकिलातींची पत्रं मराठीत आणत बसलात. स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या एका टोकाला आई मेथी निवडतेय, दुसऱ्या टोकाला तुम्ही कागदांत डोकं खुपसून कुठल्याशा राजदूतावर डाफरताय. "समेटाची बोलणी चाललीत, तिकडे माणसं मरताहेत, आणि हा गृहस्थ प्रत्येक वाक्य दोन्हीकडून वाचता येईल असं लिहितोय! सरळ लिहायला काय धाड भरलीय याला?" आई म्हणायची, "अहो, हळू. तो कधीच मेलाय." तुम्ही ऐकायचा नाहीत. मेलेल्या माणसाशी भांडायचं मी तुमच्याकडूनच शिकले.

मग स्वतःच्या मुलीला लिहायची वेळ आली तेव्हा काय केलंत? मी इथल्या जर्मन माणसाशी लग्न ठरवलं, तर फोनवर म्हणालात, "तू विचारलं नाहीस, नुसतं कळवलंस." आणि फोन ठेवलात. नंतर कित्येक महिने अबोला. लग्नाला आठवडा उरला असताना हॅनोव्हरच्या पत्त्यावर तुमचं कार्ड आलं. तीन शब्द. 'अजून संधी आहे.' माझ्या डोक्यात तिडीकच गेली. म्हणजे अजूनही वेळ गेलेली नाही, मोड हे लग्न! आईला फोन करून ओरडले, "सांग त्यांना, नकोय मला त्यांची संधी." तिनं सांगितलं असणारच. तुम्ही चकार शब्द काढला नाहीत, लग्नाला आला नाहीत, आणि त्या दिवाळीच्या आधी गेलातच.

आई सध्या आमच्याकडे आहे. येताना तुमची जर्मन-मराठी शब्दांची वही घेऊन आली. आज दुपारी तुमची नात ती वही घेऊन जमिनीवर पालथी पडली होती. तिला मराठी समजतं, बोलते मात्र जर्मनच. अक्षर अक्षर लावत वाचत होती आणि एकदम तिनं जर्मनमध्ये विचारलं, "आई, संधी म्हणजे चान्स ना? मग आजोबांनी 'फ्रीडं'पुढे संधी का लिहिलंय?" 'फ्रीडं' म्हणजे शांतता, सलोखा. मी पोळी तव्यावर टाकून गेले. वहीत एकाखाली एक दोन ओळी होत्या. 'डी शांसं: ती संधी.' 'डेर फ्रीडं: तो संधी. तह नव्हे, तहात एकजण हरलेला असतो.'

पोळी करपली.

म्हणजे त्या कार्डातून तुम्ही समेट करायला आला होतात! मग तसं लिहायचं ना! 'अजून संधी आहे' यात तो की ती, कुणाला कळणार? जन्मभर पोरांकडून लिंगं घोकून घेतलीत आणि मुलीला लिहिताना नेमकं तेच खाल्लंत? 'आपला संधी' म्हटलं असतंत तरी मी विमानाचं तिकीट काढलं असतं. चौथ्या शब्दाला काय टपाल हशील जास्त पडणार होतं? त्या राजदूताला नावं ठेवत होतात, तुम्ही कोण वेगळे होतात? इतका राग येतोय मला, बाबा, आणि ओरडायला समोर कोणी नाही.

मी अशी उभी असताना नात पुन्हा त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाली, "पण आई, हे तर तुझं अक्षर आहे."

आहेच. नववीच्या सुट्टीत तुमची ती वही चांगल्या अक्षरात मीच उतरवून दिली होती. 'फ्रीडं'पुढे मी आधी 'तह' लिहिलं होतं. तुम्ही भडकलात, मला खोडायला लावलंत आणि ते वाक्य सांगून लिहून घेतलंत. खोडलेलं 'तह' अजून दिसतंय.

हे पत्र कुठे टाकणार? वहीतच ठेवते. पण एक कबूल करते. कार्ड आलं त्या दिवशी मला 'तो संधी' आठवला होता. तरीही मी 'ती' वाचली, कारण मला भांडायचं होतं.